नळीचे भारीपण : दमट आणि रासायनिक परिसरातील पीव्हीसी कॉन्ड्युट

विजेच्या तारा ज्या नळीतून नेतात त्या नळीविषयी भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लिहावे, हे या पत्रिकेच्या वाचकांस काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. मला हा विषय हाती घ्यावा लागला त्याचे कारण अगदी घरगुती आहे. डोंबिवलीस आम्ही राहतो त्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर एका पावसाळ्यात पंख्याच्या पेटीतून पाणी ठिबकू लागले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खोलीतील स्विचबोर्डातून, म्हणजे जमिनीपासून चार फुटांवरून, पाण्याची बारीक धार आली. स्विचबोर्डाच्या भोवतालच्या भिंतीस ओल नव्हती. छतही पंख्याजवळची वीतभर जागा सोडल्यास कोरडे होते. बोर्डाच्या पट्टीचा लोखंडी स्क्रू बोटास लागताच घरातील बाईंना झटका बसला. हात आपोआप मागे आला म्हणून तो प्रसंग एवढ्यावरच निभावला.

पावसाने उघडीप दिल्यावर दुरुस्तीचे साहित्य आणावयास मी वायरमनबरोबर कल्याणच्या बाजारात गेलो. दुकानदाराने तीन नळ्या समोर ठेवल्या : लाइट, मीडियम आणि हेवी. मी ओलीची हकीकत सांगू लागलो, तोच त्याने शेवटची नळी उचलून माझ्या हाती दिली आणि म्हटले, "सर, हेवी न्या. सगळीकडे चालते." या दोन लहान वाक्यांपैकी पहिले, सल्ला या नात्याने, वावगे नव्हते. दुसरे मात्र चुकीचे होते. ते का चुकीचे होते याचा उलगडा करताना नळीचे तंत्र आणि तिच्यावर छापलेल्या शब्दाचा अर्थ या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो, असे माझ्या ध्यानात आले.

प्रथम नावाविषयी थोडे. आपले कारागीर या वस्तूला नुसते 'पाइप' म्हणतात, आणि पाण्याच्या पाइपाशी घोटाळा होण्यासारखे असेल तेथे 'लाइटचा पाइप' म्हणतात. व्यवहारात यामुळे कधी अडत नाही. पुस्तकी मराठीत 'वाहकनलिका' असा शब्द करण्याचा मोह होतो, पण तो टाळणे बरे. कारण विद्युत्शास्त्राच्या परिभाषेत 'वाहक' म्हणजे ज्यातून वीज वाहते तो पदार्थ, आणि प्लास्टिकच्या नळीचा मोठा गुण तर ती वीज वाहू देत नाही हाच. इंग्रजीतील 'कॉन्ड्युट' आणि 'कंडक्टर' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूपासून आले आहेत. पैकी कॉन्ड्युट हा शब्द विजेच्या कितीतरी शतके आधीपासून पाण्याच्या बांधीव पाटासाठी वापरात होता. आमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीत त्या शब्दाने आपला मूळ अर्थ पुन्हा धारण केला होता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढील विवेचनात मी 'नळी' एवढाच शब्द वापरला आहे.

आता 'हेवी' म्हणजे काय ते पाहू. घन, साध्या, निरोधक पदार्थाच्या नळ्यांसाठी भारतीय मानक आयएस ९५३७, भाग ३, हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. नळीवर एलएमएस, एमएमएस किंवा एचएमएस अशी जी अक्षरे छापलेली दिसतात, त्यांचा विस्तार अनुक्रमे हलक्या, मध्यम आणि जड यांत्रिक ताणासाठी असा आहे. येथे विशेषण नळीचे नाही, ताणाचे आहे. नळीचा तुकडा पोलादी ठोकळ्याखाली ठेवून दाबतात. हलक्या वर्गासाठी ३२० न्यूटन, मध्यमासाठी ७५० आणि जडासाठी १२५० न्यूटन इतके बल लावतात, म्हणजे स्थूलमानाने ३३, ७६ आणि १२७ किलोग्रॅम वजनाचा भार. तो भार असताना नळी एका मर्यादेपलीकडे चपटी होता कामा नये आणि भार काढल्यावर तिने बऱ्याच अंशी मूळ आकार धरला पाहिजे. शिवाय ठरावीक वजन उंचावरून टाकून आघाताचीही परीक्षा होते. या कसोट्यांतून जे सिद्ध होते ते एवढेच की, नळीची भिंत दाबास आणि आघातास किती टिकाव धरते. ऊन, रसायने, सांध्यातून शिरणारे पाणी यांविषयी ती तीन अक्षरे काहीच बोलत नाहीत. तापमानासाठी मानकात निराळे वर्गीकरण आहे. बाजारात मिळणारी सामान्य नळी ६० अंश सेल्सिअसच्या वर कायम राहील अशा जागी वापरावयाची नसते, आणि ही मर्यादा लाइट व हेवी या दोहोंस सारखीच लागू आहे.

असे असता 'हेवी' या शब्दास सर्वगुणसंपन्नतेचा अर्थ कोठून चिकटला? माझ्या मते तो मराठीतून चिकटला. आपल्याकडे 'हलका' म्हणजे वजनाने कमी आणि प्रतीनेही कमी. 'हलक्या प्रतीचा माल' हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. उलट 'भारी' म्हणजे जड, महाग आणि उत्कृष्ट. भारी साडी वजनाने जड असतेच असे नाही, आणि आजच्या बोलण्यात तर 'भारी' ही निव्वळ प्रशंसा आहे. इंग्रजीतील 'लाइट–हेवी' ही जोडी आपल्या बाजारात आली तेव्हा ती या तयार साच्यात जाऊन बसली. ताणाचे विशेषण नळीला लागले, मोजमापाची श्रेणी प्रतीची श्रेणी झाली, आणि तीन निरनिराळ्या उपयोगांच्या नळ्या वाईट, बरी व उत्तम अशा एका ओळीत उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकास त्यामुळे केवळ एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे पैसे किती घालावयाचे. वास्तविक जागा कोणती, तेथे नळीस काय सोसावे लागणार आणि नळीच्या तोंडांतून व सांध्यांतून आत काय शिरू शकेल, हे प्रश्न आधी यावयास पाहिजेत.

पदार्थाविषयी थोडी माहिती येथे देणे इष्ट होईल. पॉलिव्हिनाइल क्लोराइड हा पदार्थ ओयगेन बाउमान या जर्मन रसायनज्ञाने १८७२ मध्ये नोंदविला. परंतु तो कडक व ठिसूळ असल्याने दीर्घकाळ कोणाच्या उपयोगी पडला नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन याने त्यात मृदुकारक द्रव मिसळून तो लवचिक करण्याची युक्ती काढली. आज तारेवरचे रंगीत वेष्टण हे या मऊ पीव्हीसीचे असते आणि नळी मृदुकारक न घातलेल्या कडक पीव्हीसीची असते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा. ज्योत बाजूला केली की ही नळी स्वतःहून जळत राहत नाही, याचे श्रेय त्या क्लोरीनला आहे. पाणी, मीठ, विरल आम्ले आणि अल्कली यांचा नेहमीच्या तापमानास तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी किंवा कल्याणास उल्हासच्या काठाने पोलादी नळीचे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना प्लास्टिकची नळी इतक्या वेगाने का रुळली हे निराळे सांगावयास नको. खाऱ्या हवेत काळ्या रंगाची पोलादी नळी प्रथम आट्यांपाशी गंजते, मग क्लिपांपाशी, आणि शेवटी पापुद्रे सुटून तिच्या आतील तारच उघडी पडते.

पण या अदलाबदलीत एक गोष्ट नकळत हरवते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास माणूस दगावू शकतो. पोलादी नळी धातूची असल्यामुळे पुष्कळ जुन्या इमारतींत अर्थिंगचे काम तीच करीत असे. आट्यांनी जोडलेली नळी मुख्य बोर्डापासून शेवटच्या पेटीपर्यंत अखंड असे आणि दोषप्रवाह तिच्यातून परत जाई. अशा इमारतीत गंजलेला चार हात तुकडा काढून त्या जागी प्लास्टिकची नळी बसविली की, दिवे पूर्वीप्रमाणेच लागतात, पंखे फिरतात, कोणास काही कळत नाही. पण त्या तुकड्याच्या पलीकडील प्रत्येक लोखंडी पेटी, गिझर आणि धुलाई-यंत्र यांची अर्थिंग तुटलेली असते. ठाणे शहरातील जुन्या वस्तीत, जेथे दुरुस्त्या तुकड्यातुकड्यांनी होतात, तेथे हा धोका विशेष आहे. प्लास्टिकच्या नळीबरोबर अर्थिंगची स्वतंत्र हिरवी तार आरंभापासून शेवटपर्यंत ओढलीच पाहिजे, आणि जुन्या पोलादाच्या उरलेल्या भागाशी तिची जोडणी झाली आहे की नाही हे मोजून पाहिले पाहिजे. आमच्या शेजाऱ्यांच्या बोर्डात हिरवी तार होती, पण ती पेटीच्या स्क्रूला लावलेली नव्हती. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून आत दडपून ठेवली होती.

आता त्या पाण्याकडे वळतो. काँक्रीटच्या स्लॅबमधील नळ्या ओतकामाच्या आधी लोखंडी सळ्यांच्या जाळीत बांधून घेतात. त्यांच्यावरून मजूर चालतात, घमेली आपटतात, काँक्रीट दाबण्याच्या यंत्राची सुई त्यांना लागते. येथे हेवी किंवा निदान मीडियम नळी घेणे सर्वथा योग्य होय, कारण ताण खरोखरच यांत्रिक आहे. परंतु नळी तीन मीटर लांबीची असते. दोन नळ्यांमध्ये कपलर येतो, वळणावर बेंड येतो आणि पंख्याच्या जागी पेटी येते. या प्रत्येक सांध्यास, ज्याला कारागीर 'सोल्यूशन' म्हणतात ते चिकटद्रव्य, लावावयाचे असते. व्यवहारात काय होते? ओतकामाच्या आदल्या संध्याकाळी घाई असते; नळी कपलरमध्ये कोरडीच सारतात; पुष्कळदा ती घट्ट बसते, म्हणून कोणी तिला हातही लावीत नाही. वर काँक्रीट पडले की तो सांधा कायमचा दृष्टीआड होतो. त्यातून सिमेंटचे पाणी आत शिरले तर नळी बुजते आणि तार ओढताना लबाडी उघडी पडते. ते शिरले नाही तर सांधा तसाच राहतो, आणि पाच-सात वर्षांनी गच्चीच्या लादीखालील थर फुटला की पावसाचे पाणी स्लॅबच्या बारीक भेगेतून उतरून त्यास गाठते.

यापुढचा प्रकार साध्या उताराचा आहे. स्लॅबच्या सच्छिद्र काँक्रीटमधून पाण्याला इंच-इंच झिरपावे लागते. नळीत मात्र त्यास गुळगुळीत, मोकळी वाट मिळते. नळी छतातून भिंतीत उतरते आणि स्विचबोर्डात संपते, म्हणून पाणीही तेथेच येते. भिंत कोरडी असून बोर्डातून धार का लागली, याचे उत्तर हेच. नळीची भिंत जितकी चांगली, तितके हे वहन निर्दोष. हेवी नळीने येथे पाणी अधिक इमानाने पोहोचविले असते. गळतीचे मूळ डोक्यावरच असेल असेही नाही. आमच्याकडे पाणी जेथे शिरत होते ती जागा पलीकडच्या खोलीवर, सुमारे पंधरा फूट दूर निघाली.

अशा वेळी बोर्डातील नळीचे तोंड सिलिकॉनने बंद करण्याचा उपाय सुचविला जातो. तो करू नये. पाणी नळीत साचून राहते, तारा त्यात बुडून राहतात, आणि वेष्टणास कोठे ओरखडा असेल तर तेथून गळणारा प्रवाह दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. घरातील एमसीबी अशा वेळी उपयोगी पडत नाही हेही ध्यानात घेतले पाहिजे. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने दशांश अँपिअरची गळती म्हणजे काहीच नव्हे. मानवी हृदयाची गती बिघडविण्यास ती पुरेशी आहे. ३० मिलिअँपिअरवर पुरवठा तोडणारा आरसीसीबी या कामासाठी असतो. पावसाळ्यात तो वारंवार पडू लागला म्हणून काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. पाणी कोठे शिरले आहे हे तो सांगत असतो, ते त्यांना त्रासदायक वाटते.

सोल्यूशनविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा डिंक नव्हे. त्यात टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन यांसारखे विद्रावक असतात. ते नळीचा आणि कपलरचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतात, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि विद्रावक उडून गेल्यावर एकजीव होतात. म्हणून टोक सरळ कापलेले, कडा घासलेली, आणि दोन्ही भाग कोरडे असले पाहिजेत. द्रव सगळ्या परिघास लावून, नळी शेवटपर्यंत सारून किंचित फिरविली पाहिजे आणि क्षणभर धरून ठेवली पाहिजे. आषाढात ओल्या नळीस लावलेले सोल्यूशन वरून सुकते, आत धरत नाही. डबा उघडा राहून घट्ट झालेला द्रव पुन्हा पातळ करून वापरण्याची सवयही अशीच घातक. कारागिरास दोष देणे सोपे आहे. त्यास रोजंदारी नळीच्या लांबीवर मिळते, सांध्यांच्या संख्येवर नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

सांध्याला उपकारक ठरणारा हाच गुणधर्म औद्योगिक वसाहतीत अपकारक ठरतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग, औषधी द्रव्ये आणि त्यांस लागणारी मध्यवर्ती रसायने तयार करणारे कारखाने अनेक आहेत. २०१४ च्या जानेवारीतील हिरवट पाऊस आणि २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी झालेला रस्ता यांमुळे त्यांची ख्याती दूरवर गेली. अशा ठिकाणी 'केमिकलला चालते का?' असा प्रश्न विचारणे निरर्थक आहे, कारण 'केमिकल' नावाचे रसायन नसते. आम्लाच्या बाष्पात पोलाद टिकत नाही, तेथे पीव्हीसी वर्षानुवर्षे टिकते. विद्युत्विलेपनाच्या शाळेत तिच्याइतकी स्वस्त आणि योग्य नळी सापडणार नाही. पण अॅसिटोन, मेथिल इथिल कीटोन, टोल्युइन किंवा क्लोरीनयुक्त विद्रावक जेथे हाताळले जातात, तेथे हीच नळी फुगते, मऊ पडते, तिला चिरा जातात. दुकानातून आणलेल्या सोल्यूशनच्या डब्यात जी द्रव्ये आहेत त्यांच्याच जातीची द्रव्ये हवेत असतील, तर नळीची अवस्था काय होईल हे सांगावयास रसायनशास्त्रज्ञ नको.

ज्वालाग्राही बाष्पाचा प्रश्न याहून गंभीर. डोंबिवलीच्या वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी जे भीषण स्फोट झाले त्यांची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही, आणि नळीचा त्यांच्याशी संबंध होता असे मला सुचवावयाचे नाही. परंतु त्या परिसरात राहणाऱ्या माणसाच्या मनात ठिणगीचा विचार येतोच. ज्या विभागात स्फोटक बाष्प असण्याचा संभव आहे, तेथील विद्युत्मांडणीसाठी स्वतंत्र मानके आहेत. तेथे चिलखती केबल आणि प्रमाणित ग्लँड, किंवा सीलबंद जोडांसह जाड पोलादी नळी, असा मार्ग असतो; सामान्य पीव्हीसी नळीस तेथे स्थान नाही, मग ती कितीही हेवी असो. यातील सीलचे प्रयोजन ध्यानात घेण्यासारखे आहे. विद्रावकाचे बाष्प नळीत शिरून भिंतीपलीकडील नियंत्रणकक्षात जाऊ शकते, जेथे साधे स्विच आहेत आणि कोणी सावध नाही. म्हणून सीमेवरील पेटीत विशिष्ट लेप भरून नळीचा मार्ग बंद करतात. आमच्या शेजाऱ्यांकडे पाण्याने जे केले तेच येथे वायू करतो.

उघड्यावरील कामात ऊन आणि प्रसरण या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. साधी नळी उन्हात वर्षानुवर्षे राहिली की तिचा पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि ती ठिसूळ बनते. अतिनील किरणांस टिकण्यासाठी द्रव्ये मिसळलेली नळी मागून घ्यावी, किंवा नळी सावलीच्या बाजूने न्यावी. प्रसरण मात्र कोणत्याही पीव्हीसीस चुकत नाही. एक मीटर नळी एका अंशाने सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते, म्हणजे पोलादाच्या पाच-सहा पट. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पंपासाठी तीस मीटर नळी नेली, आणि पहाट व दुपार यांत नळीच्या तापमानाचा फरक तीस अंशांचा पडला, तर ती सहा सेंटिमीटरांहून अधिक लांब होऊ पाहते. दोन्ही टोके जखडलेली असतील तर ती सापासारखी वाकते आणि एखादा सांधा उखडते. मध्ये प्रसरण-कपलर घालणे, क्लिपा नळी सरकेल इतक्या सैल पण साधारण ६० सेंटिमीटरांपेक्षा जास्त अंतरावर नाहीत अशा लावणे, हे त्यावरचे उत्तर. बाहेरील पेटीत नळी वरून शिरवू नये; खालून किंवा बाजूने शिरवावी, आणि पेटीच्या तळास लहान छिद्र ठेवावे. कारागिरांस हे छिद्र पटत नाही. पाणी आत येऊच द्यावयाचे नाही असा त्यांचा आग्रह असतो, आणि कोकणच्या पावसात तो सफळ झालेला मी अद्याप पाहिलेला नाही.

जमिनीखालील नळीविषयी तर असे गृहीतच धरावे की तिच्यात पाणी असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हासच्या पुराने कल्याणचे सखल भाग पाण्याखाली गेले. २०१९ च्या जुलैतही नदीने पात्र सोडले आणि बदलापूर–वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. अशा प्रदेशात तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत जमिनीतून येणारी नळी ही पुराच्या पाण्यास घरात येण्याची वाट ठरते. रस्त्यावरील पाणी उंबऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच ते नळीतून वर येते. मीटर व बोर्ड पुराच्या ज्ञात पातळीहून वर घेणे आणि नळीचे आतील तोंड केबलभोवती भरून घेणे, हे दोन्ही केले पाहिजे. जमिनीत पुरण्यासाठी आयएस १४९३० या निराळ्या मानकाच्या नळ्या मिळतात. तिच्यातील केबल मात्र ओल्यात राहण्यास योग्य अशीच हवी. घरातील साधी एकेरी तार नळीत घातली म्हणून जमिनीखाली चालते, ही समजूत चुकीची आहे.

आगीसंबंधी दुकानात 'फायरप्रूफ' हा शब्द सर्रास ऐकू येतो. नळी स्वतःहून जळत राहत नाही, एवढेच खरे. दुसरे काही जळत असेल तर तीही त्यात जळते आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सोडते. घोडबंदर मार्गावरील उंच इमारतींत तारांच्या उभ्या पोकळीतून हा धूर जिन्यापर्यंत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर त्या पोकळीत आग अडविणारा भराव घालावा लागतो. तो कोणी घातला आहे का, हे पाहण्यास पोकळीचे दार उघडणे पुरे.

आमच्या इमारतीत शेवटी जे झाले ते असे. स्लॅबमधील जुन्या नळीतून तारा काढून घेतल्या आणि तो मार्ग सोडून दिला. खोलीत छताखालून भिंतीवर मध्यम वर्गाची नळी नेली, कारण तेथे तिच्यावर कोणाचा पाय पडणार नव्हता. सांधे मात्र वायरमनने माझ्यासमोर एकेक करून चिकटविले, आणि दोन पेट्यांच्या मध्ये दोनांहून अधिक काटकोनी वळणे येऊ दिली नाहीत. गच्चीवर ऊन सोसणारी नळी आणली. हेवी नळी घेतली ती फक्त खाली वाहनतळासाठी, जेथे स्कूटर भिंतीला टेकतात. हिरवी तार पेटीच्या स्क्रूला लावली, मुख्य बोर्डात आरसीसीबी बसविला. गच्चीचे काम सोसायटीच्या सभेत वर्गणीवरून अडल्यामुळे पुढच्या पावसाळ्याआधी झाले नाही. रिकाम्या नळीचे खालचे तोंड आम्ही मुद्दाम उघडे ठेवले होते. आषाढात तिच्यातून पाणी येऊ लागले तेव्हा शेजारच्या बाईंनी खाली बादली ठेवली, आणि दोन दिवसांत ती तीनदा ओतावी लागली.